बैठकीनंतरची पावले

युवक मंडळाचा दर्जा कशावर ठरवावा? धन्यवादित फ्रेडरिक ओझानाम यांच्या जीवनात आम्हाला याचे उत्तर सापडते. पॅरिसमध्ये कायदा शिकत असताना ते चर्चामंडळात श्रद्धेची बाजू हिरिरीने मांडत. ख्रिस्ती लोक आज गरिबांसाठी काय करतात, या विरोधकांच्या प्रश्नाने ते अंतर्मुख झाले. १८३३ मध्ये त्यांनी मित्रांसह सेवामंडळ स्थापन केले. सिस्टर रोझाली यांनी त्यांना गरिबांच्या घरी जाण्याची रीत शिकवली. दर आठवड्याला प्रार्थना, बैठक आणि गृहभेट हा शिरस्ता पडला. सॉर्बोन विद्यापीठात प्राध्यापक झाल्यावरही त्यांनी गरिबांना अंतर दिले नाही. १८५३ मध्ये, अवघ्या चाळिशीत, ते देवाघरी गेले. तेच मंडळ आज संत विन्सेंट डी पॉल सोसायटी म्हणून जगभर सेवा करते. युवकांनो, बैठक संपल्यावर आपली पावले कुठे वळतात, हे आपण तपासू या.