पडक्या देवळांवर जीव लावणारी अहिल्या

आमच्या मिहानकडे रस्ते रुंद झाले, मोठमोठ्या इमारती उभ्या राहिल्या. त्यांच्या आड एका जुन्या वस्तीत छोटंसं दगडी देऊळ आहे. शिखरात पिंपळ रुजलेला, भिंतींना ओल. मागे बचत गटाच्या बैठकीत विषय निघाला, हे पाडून गुळगुळीत टाईल्सचं नवं बांधू या. सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही. पण घरी आल्यावर चैन पडेना. आठवल्या अहिल्याबाई होळकर.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या चौंडीच्या पाटलांची ही लेक. जन्म ३१ मे १७२५ चा. लहानपणीच मल्हारराव होळकरांची सून झाली. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव गेले. सती निघालेल्या सुनेला सासऱ्यांनी अडवलं, कारभारात घातलं. १७६६ मध्ये सासरे गेले, पुढच्याच वर्षी एकुलता एक मुलगा मालेराव. दुसरी एखादी दार लावून बसली असती. अहिल्याबाईंनी दौलत हाती घेतली आणि नर्मदेकाठच्या महेश्वरातून अठ्ठावीस वर्षं राज्य केलं.

आणि त्यांचा जीव जडला तो पडक्या वास्तूंवर. काशीचं विश्वनाथाचं देऊळ १६६९ मध्ये पाडलं गेलं होतं. शंभराहून जास्त वर्षांनी, १७८० च्या सुमारास, त्यांनी त्याला लागूनच नवं देऊळ उभं केलं. १७८३ मध्ये सोमनाथला भग्न देवळाजवळ दुसरं बांधलं, तर १७८७ मध्ये गयेचं विष्णुपद मंदिर नव्याने उभारलं. शिवाय काशीचे घाट, ठिकठिकाणी विहिरी, धर्मशाळा. यातली कितीतरी ठिकाणं त्यांच्या राज्याबाहेरची! पैसा कुठून आला? होळकरांच्या घरातल्या स्त्रियांना खासगीचं वेगळं उत्पन्न होतं, त्यातून. स्वतः मात्र महेश्वरच्या साध्या वाड्यात राहिल्या.

मला सगळ्यात मोठी वाटते ती त्यांची दूरदृष्टी. बांधलं नि विसरल्या, असं नाही. पूजा, दिवाबत्ती, अन्नछत्र यांसाठी कायमची नेमणूक करून दिली. वास्तू नुसती उभारून टिकत नाही, रोज कुणीतरी सांभाळावी लागते. घर चालवणाऱ्या बाईला हे वेगळं सांगायला नको.

दुःखाने मात्र त्यांची पाठ सोडली नाही. १७९१ मध्ये जावई गेले आणि लेक मुक्ताबाई सती गेली. एवढं पडलेलं उभं करणाऱ्या आईला पोटच्या पोरीला थांबवता आलं नाही. १३ ऑगस्ट १७९५ रोजी त्या गेल्या.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत मी हे सगळं सांगितलं. थोडी वादावादी झाली. नव्याची हौस कुणाला नसते? पण पाडायचं सध्या थांबलंय. आधी जाणत्या गवंड्याला दाखवायचं, पिंपळाची मुळं काढायची, गळती बंद करायची असं ठरलं. आणि प्रत्येकीने दरमहा दहा रुपये बाजूला टाकायचे, देवळाच्या देखभालीसाठी. आमची एवढीशीच खासगी!