थोरल्या महाराजांची संग्रहणी आणि माझे दुखणे

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तजयंतीच्या अंकासाठी काहीतरी लिहून द्या, असे आपल्या मंदिरातली मंडळी गेली दोन वर्षे मला सांगत आहेत. मी टाळत होतो. मी काही कीर्तनकार नाही की शास्त्री नाही. बी.कॉम. झालो, बँकेत क्लार्क म्हणून लागलो आणि क्लार्क म्हणूनच निवृत्त झालो. जमाखर्च जुळवणे एवढेच आयुष्यभर केले. पण परमपूज्य श्रीमद् वासुदेवानंद सरस्वती टेंबे स्वामी महाराजांचे चरित्र मी पंचवीस-तीस वर्षे वाचतो आहे, आणि त्यातली एक गोष्ट मी बरीच वर्षे चुकीची वाचली. त्या चुकीची किंमत शरीराने मोजली. ती दुसऱ्या कुणी मोजू नये म्हणून या वर्षी लिहायला बसलो.

महाराजांचा जन्म शके 1776, श्रावण वद्य पंचमीचा, म्हणजे 13 ऑगस्ट 1854 चा. गाव माणगाव, तेव्हाचे सावंतवाडी संस्थान, आताचा सिंधुदुर्ग जिल्हा. वडील गणेशभट, आई रमाबाई, आजोबा हरिभट. घर गरीब, पण दत्तभक्ती पिढीजात. लहानपणीच वेदाध्ययन झाले. वयाच्या 21 व्या वर्षी लग्न झाले, पत्नीचे नाव अन्नपूर्णाबाई. संस्कृतावर प्रभुत्व तर होतेच, पण ज्योतिष आणि वैद्यक या दोन्हींतही त्यांना चांगली गती होती. हा वैद्यकाचा मुद्दा वाचकांनी लक्षात ठेवावा, पुढे लागणार आहे.

नरसोबाच्या वाडीची ओढ त्यांना तरुणपणीच लागली. कोकणातून घाट चढून पायी वाडीला जायचे, असा तो काळ. पुढे 1883 साली त्यांनी माणगावात दत्तमंदिर उभे केले. तिथे सातएक वर्षे ते राहिले. आजूबाजूच्या गावांतून माणसे यायची, कुणाला पिशाच्चबाधा वाटायची, कुणाचा ताप उतरत नसायचा, कुणाच्या घरी मूल नसायचे. महाराज ज्याला जे हवे ते सांगायचे. कुणाला उपासना, कुणाला व्रत, कुणाला औषध. मंत्र द्यायचा म्हणून औषध द्यायचे नाही, असे त्यांचे नव्हते.

मग एके दिवशी सगळे सोडून ते पत्नीसह निघाले. वाडीहून पुढे तीर्थे करीत करीत मराठवाड्यात गोदाकाठी गंगाखेडला आले. तिथे शके 1813 च्या वैशाखात, म्हणजे 1891 साली, अन्नपूर्णाबाई महामारीने गेल्या. जुन्या लोकांच्या बोलण्यात महामारी म्हणजे पटकी, कॉलरा. हे वाचताना मी दर वेळी थांबतो. कॉख नावाच्या जर्मन डॉक्टरने पटकीचा जंतू त्याच्या सात-आठ वर्षे आधीच ओळखला होता, पण गंगाखेडच्या घाटावरच्या माणसाला त्याचा उपयोग काय? औषध नव्हतेच. पुढे 1971 साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजून असंख्य पटकीचे रोगी वाचवले, तेव्हा कुठे ती साधी युक्ती जगभर गेली. आज आपल्या घरात नातवंडाला जुलाब झाले तर सून पाच मिनिटांत ते पाणी करते. अन्नपूर्णाबाईंच्या वेळी ते कुणाला ठाऊक नव्हते.

पत्नीचे उत्तरकार्य आटोपून चौदाव्या दिवशी महाराजांनी संन्यास घेतला. वय तेव्हा सदतिसावे चालू. नंतर उज्जैनला नारायणानंद सरस्वतींकडून दंड घेतला आणि तिथून 23 चातुर्मासांचा प्रवास सुरू झाला. उज्जैन, ब्रह्मावर्त, हरिद्वार, द्वारका, तंजावर, पवनी, कुरुगड्डी, चिखलदा, गरुडेश्वर. सगळे पायी, अनवाणी. रेल्वे धावत होती, पण ते कधी वाहनात बसले नाहीत. जवळ दंड, कमंडलू, छाटी आणि पोथ्या. चालता चालता लिहिलेही किती! दत्तपुराण, दत्तमाहात्म्य, सप्तशती गुरुचरित्र. वाडीला 1905 साली करुणात्रिपदी झाली आणि कुरुगड्डीला 1911 साली घोरकष्टोद्धरण स्तोत्र. आपल्या मंदिरात रोज म्हणतो ती हीच.

आता मूळ गोष्ट. एवढे चालणाऱ्या, एवढे लिहिणाऱ्या या माणसाला संग्रहणी होती. चरित्रांतून या विकाराचा उल्लेख येतो. संग्रहणी म्हणजे काय हे ज्याला झाली त्यालाच कळते. खाल्लेले अंगी लागत नाही. पोट केव्हा बिघडेल याचा भरवसा नाही. अंगातली शक्ती हळूहळू गळून जाते. वैद्य लोक ताक सांगतात, हलके अन्न सांगतात, विश्रांती सांगतात. आणि इथे संन्याशाचा धर्म असा की भिक्षेत येईल ते खायचे, नाही आले तर उपाशी राहायचे, थंडी असो की पाऊस, नदीवर स्नान करायचे आणि पुढच्या मुक्कामाला चालू लागायचे. पथ्य मागून घ्यायला घर कुठे होते? तरी त्यांचा नेम मोडला नाही.

मी हे वाचायचो आणि माझ्या डोळ्यांत पाणी यायचे. आणि इथेच माझी गफलत झाली.

निवृत्तीला तीनेक वर्षे होती तेव्हा माझे पोट बिघडायला लागले. आधी आठवड्यातून एकदा-दोनदा, मग रोज. कॅश काउंटरवर बसणाऱ्या माणसाला उठून जाता येत नाही. समोर रांग, ड्रॉवरमध्ये रोकड, आणि पोटात कळ. शेजारच्या सहकाऱ्याला खुणेने सांगून पळायचे, परत आले की लोकांचे चेहरे. सकाळी डबा न्यायचा आणि तसाच परत आणायचा. लग्नाची आमंत्रणे टाळायला लागलो. पुण्याला मुलीकडे जायचे तर आधी मनात हिशोब, एस.टी. कुठे कुठे थांबते आणि तिथे सोय काय आहे. वाडीची वारी दोनदा ठरवून रद्द केली, कारण तेच. संध्याकाळी अंग कसकसायचे, वजन उतरत चालले होते. दुखणे शरीराला होतेच, पण त्याहून जास्त त्याने मला माणसांतून उठवले. प्रवरेच्या घाटावर संध्याकाळी फिरायला जाण्याची तीस वर्षांची सवय, तीसुद्धा सुटली.

सौ. रोज सांगायची की दाखवून या. मी दाखवत नव्हतो. एक तर लाज. पोटाचे असले दुखणे कुणाला सांगायचे? दुसरे म्हणजे तपासणीत भलतेच निघाले तर, ही भीती. पण या दोन्ही गोष्टी मी स्वतःलाही कबूल करत नव्हतो. मी म्हणायचो की थोरल्या महाराजांनी एवढी वर्षे संग्रहणी सोसली, कधी तक्रार केली नाही, मग मी चार दिवसांच्या जुलाबाने डॉक्टरकडे धावू? गुरुचरित्राचे सप्ताह वाढवले. घोरकष्टोद्धरण रोज पाच वेळा. सौ.ला वाटायचे मी श्रद्धावान आहे. मला ठाऊक होते की मी घाबरलेला आहे.

एका सप्ताहात तेरावा अध्याय वाचत होतो. पोटशूळाच्या ब्राह्मणाची कथा तुम्हाला सर्वांना पाठ आहे. पंधरा दिवसांतून, महिन्यातून एकदा जेवणारा, अन्न हाच ज्याचा शत्रू झाला होता असा तो. पोटाला धोंडे बांधून गंगेत जीव द्यायला निघाला. श्रीगुरूंनी शिष्यांना धाडून त्याला आणवले. त्याला त्यांनी सहन करायला सांगितले नाही. पूर्वकर्म आहे ते भोग, असे सांगून परत पाठवले नाही. माझ्याकडे औषध आहे असे सांगितले, आणि सायंदेवाला त्याला जेवू घालायची आज्ञा केली. सायंदेव घाबरला, की याला अन्न दिले आणि हा मेला तर? तरी गुरूंवर विश्वास ठेवून त्याने पंगत मांडली, आणि त्या ब्राह्मणाची व्यथा गेली.

ही कथा मी शंभर वेळा वाचली असेल. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या लक्षात आले की त्या ब्राह्मणाने आपली व्यथा सांगितली होती. गुरूंनी विचारले आणि त्याने लपवले नाही. मी तीन वर्षे लपवत होतो.

मग महाराजांच्या चरित्राकडे पुन्हा पाहिले. वैद्यक जाणणारा हा माणूस. माणगावात संसारी लोकांना औषध देणारा. त्यांनी सोसले ते स्वतःचे, आणि तेही संन्याशाच्या नियमात राहून. दुसऱ्याला सोसत बस असे त्यांनी केले नाही. संन्यासी देहाचा हिशोब बंद करून बसलेला असतो. माझे तसे नव्हते. माझ्या देहावर सौ.चा हक्क होता, मुलीचा होता, बँकेचा होता. संन्याशाचा नियम घ्यायचा आणि संसार मात्र सोडायचा नाही, ही उचलेगिरी झाली.

दुसऱ्या दिवशी संगमनेरातच डॉक्टरांना दाखवले. त्यांनी नाशिकला पाठवले. दुर्बिणीने तपासणी झाली, तुकडा काढून तपासला. आतड्याचा क्षय निघाला. औषध सहा महिन्यांचे, आणि क्षयाच्या गोळ्या सरकार फुकट देते. मी तीन वर्षे ज्याला भ्यालो तो रोग बरा होणारा होता. पण उशिराचे व्याज द्यावे लागले. आतडे एका जागी आकसून अरुंद झाले होते, तेवढा भाग शस्त्रक्रिया करून काढावा लागला. वेळेवर गेलो असतो तर कदाचित गोळ्यांवर भागले असते, असे डॉक्टर म्हणाले. व्याजावर व्याज कसे चढते हे मी आयुष्यभर लोकांना समजावले, स्वतःला मात्र समजावले नाही. डॉक्टरांनी आणखी एक सांगितले. जुन्या लोकांनी संग्रहणी म्हटले त्या एका नावाखाली अनेक आजार असू शकतात. आतड्याचा क्षय, आतड्याला सूज आणि व्रण, कुणाला गव्हाचे वावडे. प्रत्येकाचे औषध वेगळे. तपासल्याशिवाय कळत नाही.

आज खाण्यापिण्याचे थोडे सांभाळावे लागते, पण मी जेवतो. शस्त्रक्रियेनंतर वर्षभराने वाडीला जाऊन आलो. पादुकांसमोर करुणात्रिपदी म्हटली तेव्हा आवाज फुटला नाही. मागच्या पावसाळ्यानंतर सौ.ला घेऊन देवगडला गेलो. तिथे घाटावर बसलो होतो. आपल्या संगमनेरवरून वाहत येणारी प्रवरा दत्तमंदिराला वळसा घालून पुढे प्रवरासंगमला गोदावरीला मिळते. तेच पाणी पुढे गंगाखेडला जाते, जिथे अन्नपूर्णाबाई गेल्या. त्याच्याही पुढे वासरब्रह्मेश्वर, जिथे पोटशूळाचा तो ब्राह्मण जीव द्यायला निघाला होता. एकाला औषध मिळाले, एकीला मिळाले नाही, आणि मला मिळत असून मी घेत नव्हतो.

महाराजांचा देह शेवटी गरुडेश्वरी नर्मदाकाठी फारच खालावला. 1914 साली, आषाढ शुद्ध प्रतिपदेला त्यांनी तो ठेवला. साठावे वर्ष चालू होते. मी आता त्यांच्याहून मोठा झालो आहे, हा विचार कधी कधी मनात येतो आणि मान खाली जाते.

आपल्या मंदिरात गुरुवारी आरतीला येणारी बहुतेक मंडळी माझ्याच वयाची. कुणाचे गुडघे, कुणाची साखर, कुणाला लघवीचा त्रास, आणि कुणाला असे काही, जे तो घरातही बोलत नाही. त्यांना हात जोडून सांगणे आहे. स्तोत्र सोडू नका, पण सकाळी स्तोत्र म्हणून दुपारी डॉक्टरकडे जा. श्रीगुरूंसमोर जे मनात बोलता, ते डॉक्टरसमोर तोंडाने बोला. सर्वांना आरोग्य लाभो, ही थोरल्या महाराजांच्या चरणी प्रार्थना.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥