विमानकर्ते डॉ. घाटगे

मयूरेश्वराच्या पायऱ्यांवर बसलो की बारामतीची शिकाऊ विमाने जाताना दिसतात. त्यांचे इंजिन नाकाशी, तर मोठ्या प्रवासी जेटचे पंखाखाली. असे का? याचा शोध घेताना मला डॉ. विष्णू माधव घाटगे भेटले.

जन्म १९०८, गडहिंग्लजजवळच्या हसूरचंपू या खेड्यात. तेथून पुढे जर्मनीत, गॉटिंगेनला! प्रांटल या थोर शास्त्रज्ञाचे शिष्य होऊन १९३६ साली ते डॉक्टर झाले. विमानाच्या अंगालगत हवेचा सायीसारखा पातळ, मंद थर असतो, हे प्रांटल यांनी १९०४ मध्येच दाखवले होते. तो थर सुटला की पंखाची उचल ढासळते. इंजिन पंखाला अगदी खेटून लावले तर मधली हवा कोंडून ओढ वाढते. म्हणून ते पुढे, खाली टांगतात. शेपटीशी लावल्यास पंख मोकळा राहतो खरा, पण नाक फार उचलले गेले की पंखावरून विस्कटलेली हवा शेपटीवर आदळते.

घाटगे परतले. बंगळूरला त्यांनी एच. टी. दोन (१९५१), फ्लाइंग क्लबांसाठी पुष्पक (१९५८) आणि किरण (१९६४) ही विमाने घडवली. किरण जेटच, इंजिन धडात, हवा दोन्ही कुशींतून. प्रवासी जेट मात्र त्यांच्या हातून घडले नाही, याची मला हळहळ वाटते. १९९१ साली ते वारले. बारावीपर्यंत मी त्यांचे नावही ऐकले नव्हते.