शुश्रूषेची कला

मन दयाळू असले म्हणजे रोग्याची सेवा करता येते, असे आपणांस सहज वाटते. परंतु केवळ दयेने रोगी बरा होत नाही. दयेला ज्ञानाची जोड लागते. हे सत्य फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिने जगाला पटवून दिले. तिला स्वतःला मात्र ते मोठ्या दुःखातून उमगले.

फ्लॉरेन्सचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरी, एका सधन इंग्रज कुटुंबात झाला. रुग्णसेवा हे त्या काळी हलके काम समजले जाई. त्यामुळे घरच्यांनी तिला विरोध केला. पण तिचा निश्चय ढळला नाही. १८५१ साली जर्मनीत राहून तिने शुश्रूषेचे शिक्षण घेतले.

१८५४ साली क्रिमियाच्या युद्धात जखमी झालेल्या इंग्रज सैनिकांसाठी ती ३८ परिचारिकांसह तुर्कस्तानातील स्कुटारी येथे गेली. तेथील रुग्णालयात दाटी आणि घाण यांचे साम्राज्य होते. फ्लॉरेन्सने स्वच्छ कपडे व चांगले अन्न मिळवले. हातात दिवा घेऊन ती रात्री रोग्यांची विचारपूस करी. तरीही त्या हिवाळ्यात सैनिक मरतच राहिले. १८५५ च्या वसंतात सरकारी आरोग्य मंडळाने इमारतीखालची तुंबलेली गटारे साफ केली व आत हवा खेळवली. तेव्हा मृत्यू झपाट्याने कमी झाले.

मायदेशी परतल्यावर फ्लॉरेन्सने मृतांच्या आकड्यांचा अभ्यास केला. जखमांपेक्षा रोगांनीच अधिक सैनिकांचा बळी घेतला होता. आपण रात्रंदिवस खपत असताना दूषित हवा व घाण रोग्यांचे प्राण घेत होती, हे तिला कळून चुकले. लोक तर तिचा जयजयकार करीत होते! पण कीर्तीच्या आड तिने सत्य लपवले नाही. आकड्यांच्या रंगीत आकृत्या काढून तिने ते राज्यकर्त्यांपुढे मांडले.

पुढे तिने शुश्रूषेवर एक छोटे पुस्तक लिहिले. खोलीत मोकळी हवा यावी, पण रोग्याला गारठा बाधू नये. अंथरूण स्वच्छ असावे. दाराआड कुजबूज करू नये. रोग्याने किती खाल्ले, हे नीट पाहावे, अशा साध्या गोष्टी तिने त्यात सांगितल्या. रोग्याला बरे करण्याचे काम निसर्ग करतो. त्याच्या वाटेतील अडथळे दूर करणे हे परिचारिकेचे काम, अशी तिची धारणा होती. १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात तिच्या नावाने परिचारिकांची शाळा सुरू झाली.

१३ ऑगस्ट १९१० रोजी फ्लॉरेन्सने जगाचा निरोप घेतला. तिचा जन्मदिवस आज जगभर परिचारिका दिन म्हणून पाळला जातो. आपल्या घरी कोणी आजारी पडले, तर त्याच्या खोलीची खिडकी आपण हलकेच उघडावी. तिच्या शिकवणीचा आरंभ तेथूनच होतो.