रात्री जागून मुलांसाठी लिहिणारे अमळनेरचे मास्तर : साने गुरुजी

आज ११ जून, साने गुरुजींची पुण्यतिथी. शेतात पेरणीची लगबग सुरू आहे आणि चार-आठ दिवसांत शाळाही उघडतील. मग नेहमीची तक्रार ऐकू येईल, की पाचवी-सहावीची पोरं मोबाईल सोडत नाहीत, पुस्तकाला हात लावत नाहीत. म्हणून आज आपल्याच जळगाव जिल्ह्यात शिकवून गेलेल्या या मास्तरांची आठवण.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणात, दापोली तालुक्यातल्या पालगडला झाला. घरची परिस्थिती पुढे खालावत गेली. दापोली, औंध, पुणे असं जिथं जमेल तिथं हालअपेष्टा सोसून ते शिकले. शिकत असतानाच १९१७ साली आई यशोदा गेली. तरी गडी एम.ए. झाला आणि १९२४ मध्ये अमळनेरच्या हायस्कुलात शिक्षक म्हणून लागला. आज ते प्रताप हायस्कूल म्हणून ओळखलं जातं.

पुढे त्यांच्याकडे वसतिगृह आलं. खेड्यापाड्यांतून आलेली, घरची आठवण काढणारी मुलं. गुरुजी त्यांची अंथरुणं आवरत, कपडेसुद्धा धूत. पण आज सांगायची गोष्ट दुसरीच आहे.

मुलांनी वाचावं म्हणून गुरुजींनी नुसता उपदेश केला नाही. मुलं झोपली की ते लिहायला बसत. 'छात्रालय' नावाचं हस्तलिखित दैनिक ते मुलांसाठी काढत. छापखाना नाही, पगारी माणूस नाही, सगळं स्वतःच्या हातानं. सकाळी उठल्यावर मुलांना ताजं काहीतरी वाचायला मिळे. आपल्यासाठी कुणीतरी रात्री जागून लिहिलंय म्हटल्यावर कोणतं पोर वाचणार नाही? १९२८ मध्ये त्यांनी 'विद्यार्थी' हे मासिकही सुरू केलं.

१९३० साली नोकरी सोडून ते स्वातंत्र्यलढ्यात उतरले. धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरची प्रवचनं त्यांनीच उतरवून घेतली. १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत 'श्यामची आई'चा बहुतेक भाग लिहून काढला. परदेशातल्या मोठ्या कादंबऱ्याही त्यांनी मुलांना समजतील अशा सोप्या मराठीत सांगितल्या. १९४७ मध्ये पंढरपूरचं विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून उपोषण केलं. १५ ऑगस्ट १९४८ ला 'साधना' साप्ताहिक काढलं. ११ जून १९५० रोजी ते गेले. वय अवघं पन्नास.

आता आपल्याकडचं बघा. माझी पोरगी सहावीत आहे. तिच्या शाळेत पुस्तकांचं कपाट आहे, पण पुस्तकं फाटतील म्हणून त्याला कुलूप असतं. दोष एकट्या शाळेचा नाही, मीही तिला कधी काही वाचून दाखवलं नव्हतं. मागच्या हिवाळ्यात एका रात्री लाईट गेली, तेव्हा 'श्यामची आई'तली एक गोष्ट तिला वाचून दाखवली. दुसऱ्या दिवशी ती स्वतःच पुस्तक घेऊन बसली, तेही मोबाईलच्या टॉर्चवर.

या पुस्तकात ४२ रात्री आहेत, रोज रात्री एक गोष्ट. गुरुजनहो, वर्गात रोज एक रात्र वाचून दाखवली तर पोळ्याच्या आत पुस्तक पूर्ण होतं. आईबापांनो, गुरुजींच्या निधनाला साठ वर्षं कधीच उलटली, त्यामुळे त्यांच्या पुस्तकांचा कॉपीराइट संपलाय. ज्या मोबाईलवर ही बातमी वाचताय, त्यावरच हे पुस्तक फुकट मिळतं.

फोटोला हार घालून पुण्यतिथी होतेच. यंदा शाळा उघडली की त्या कपाटाचं कुलूपही उघडा. पुस्तक फाटलं तर चिकटवता येतं. वाचायचं वय निघून गेलं तर ते परत येत नाही.