चित्रकार फाळके

दादासाहेब फाळके यांचे नाव १९६९ सालापासून केंद्र सरकारच्या पुरस्काराला जोडले गेले आणि एका अवाढव्य धंद्याचे जनक एवढीच त्यांची ओळख उरली. या माणसाने चित्रपटाला हात घालण्यापूर्वी पंचवीस वर्षे चित्रे, छायाचित्रे व छपाई यांत घालविली होती, हे मागे पडले. परिणामी त्यांची कला आपल्याला नीट उमगलेलीच नाही.

धुंडिराज गोविंद फाळके ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी, संस्कृत शास्त्र्याच्या घरात जन्मले. १८८५ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, पुढे बडोद्याच्या कलाभवनात चित्रकला, मूर्तिघडण व छायाचित्रण शिकले. लोणावळ्यास त्यांनी राजा रविवर्मा यांच्या छापखान्यासाठी काम केले. पाश्चात्त्य तैलचित्रणातील छायाप्रकाश घेऊन रविवर्म्याने आपले देव रंगविले आणि शिळाछापाने ते घरोघरच्या भिंतींवर नेले. १९११ साली मुंबईत ख्रिस्ताचा चरित्रपट पाहताना फाळक्यांना त्या जागी राम-कृष्ण दिसू लागले, ते उगाच नव्हे. अशा देवांच्या छपाईत त्यांचे हात आधीच रंगले होते.

विम्याची पॉलिसी गहाण ठेवून ते १९१२ मध्ये लंडनला गेले आणि कॅमेरा घेऊन परतले. पत्नी सरस्वतीबाई फिल्म धूत आणि कंपनीच्या साऱ्या माणसांना रांधूनही वाढीत. पुरस्काराच्या समारंभात या बाईंची आठवण क्वचितच निघते! ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. त्याच वर्षी फाळक्यांनी आपले बिऱ्हाड व कारखाना नाशिकला हलविला.

‘लंकादहन’ (१९१७) आणि ‘कालियामर्दन’ (१९१९) ही या नाशिकच्या वास्तव्यातील कामगिरी होय. ‘कालियामर्दन’चा आरंभ तर विलक्षणच आहे. पडद्यावर प्रथम फाळक्यांची लहानगी कन्या मंदाकिनी दिसते. ती नाना भाव मुद्रेवर आणून दाखविते आणि मग त्याच चेहऱ्यातून मुकुटधारी कृष्ण प्रकट होतो. देव कसा घडविला हे कारागीर आधीच सांगून टाकतो, तरीही पुढे कृष्ण डोहात उतरला की प्रेक्षकाची श्रद्धा ढळत नाही. यंत्र विलायती, कथा कीर्तनातली, आणि दोहोंमध्ये कसलाही संकोच नाही. विसाव्या शतकातील आपल्या कित्येक शिक्षित चित्रकारांना हा निःसंकोचपणा साधला नाही, असे आमचे मत आहे.

भागीदारांशी मात्र त्यांचे कधी जमले नाही. १९१८ साली स्थापन झालेली हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी सोडून ते काशीस गेले, नाटक लिहिले, पुन्हा परतले. बोलपटाचे युग त्यांना मानवले नाही. कोल्हापूरकरांसाठी केलेला ‘गंगावतरण’ (१९३७) हा अखेरचा ठरला.

पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे प्रशस्त स्मारक उभे आहे. चित्रपट मात्र बहुतेक नष्ट झाले; ‘कालियामर्दन’ बऱ्याच अंशी वाचला, ‘हरिश्चंद्र’ची काही रिळे उरली. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकलाच फाळके वारले, तेव्हा ज्या धंद्याला त्यांनी जन्म दिला तो त्यांना जवळजवळ विसरला होता.