औट्रम नावाचा घाट, औट्रम नावाचे बेट

चाळीसगावहून कन्नडकडे निघाले की सातमाळ्याच्या रांगेतला घाट लागतो. पावसाळ्यात दरडी कोसळतात, एरवी मालमोटारींची रांग लागते, बोगद्याची चर्चा तर वर्षानुवर्षे चालू आहे. २०२१ च्या ऑगस्टअखेर एवढ्या दरडी पडल्या, की घाट बंदच ठेवावा लागला. लोक त्याला कन्नड घाट म्हणतात. कागदोपत्री आणि वर्तमानपत्री बातम्यांत मात्र त्याचे नाव औट्रम घाट. हा औट्रम कोण, असे सहसा कोणी विचारत नाही. बोलीत घोळून घोळून ते नाव इतके आपले झाले आहे, की ते एका इंग्रज माणसाचे आहे हेसुद्धा अनेकांच्या ध्यानात नसते.

हेच नाव कोलकात्यात हुगळीच्या काठी आहे. गंगासागरच्या यात्रेला जाणारे भाविक दर संक्रांतीला ज्या आवारात उतरतात, तोही औट्रम घाटच. सिंगापुरातल्या एका वस्तीला हे नाव आहे, न्यूझीलंडमधल्या एका छोट्या गावालाही आहे. आणि बंगालच्या उपसागरात, जिथे कोणीही राहत नाही, अशा एका हिरव्यागार बेटाला आहे. धरणगावात ज्याच्या कर्तृत्वाला सुरुवात झाली, त्याचे नाव इतक्या लांबच्या बेटावर कसे जाऊन बसले, ही गोष्ट सांगण्याजोगी आहे.

आधी बेटे पाहू. अंदमानच्या मुख्य भूमीच्या पूर्वेला, सुमारे वीस किलोमीटरांवर, एक स्वतंत्र द्वीपसमूह पसरला आहे. अठराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीच्या वतीने या समुद्राची मोजणी करणाऱ्या जॉन रिची याच्या नावावरून त्याला रिचीचा द्वीपसमूह म्हणतात. चार मोठी बेटे, काही मध्यम आणि बाकी नुसते ठिपके. चुनखडी आणि पांढुरक्या मातीचे कडे, काठाला खारफुटी, आत उंचच उंच सदाहरित जंगल, आणि भोवती पोवळ्यांचे उथळ पाणी. या पाण्यात समुद्रगाय नावाचा सस्तन प्राणी अजून टिकून आहे. समूहातल्या दोनच बेटांवर लोक राहतात. फाळणीनंतर निर्वासित होऊन आलेल्या बंगाली कुटुंबांच्या त्या वसाहती. तिथून पूर्वेला खुल्या समुद्रात गेले की बॅरन बेट, म्हणजे भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी.

या बेटांची जुनी नावे अशी : हॅवलॉक, नील, औट्रम, हेन्री लॉरेन्स, जॉन लॉरेन्स, निकल्सन, विल्सन, पील. इतिहासाच्या पुस्तकाची पाने उलटली असतील त्यांना हा हजेरीपट लगेच ओळखू येईल. १८५७ चा उठाव मोडून काढणाऱ्या इंग्रज सेनानींची आणि कारभाऱ्यांची ही यादी आहे. १० मार्च १८५८ रोजी उठावातल्या दोनशे कैद्यांना घेऊन डॉ. जेम्स वॉकर अंदमानच्या बंदरात उतरला आणि काळ्या पाण्याची वसाहत सुरू झाली. ज्यांनी हरवले त्यांची नावे बेटांना, आणि जे हरले ते बेड्या घालून त्याच बेटांच्या शेजारी. हे कोणी मुद्दाम ठरवले होते की कारकुनी ओघात घडले, कोण जाणे. पण जेत्याच्या नकाशाचा हिशेब सहसा असाच असतो.

नावे ठेवण्याची ही रीत सगळीकडची. १७७५ च्या जानेवारीत कॅप्टन कुक अंटार्क्टिकाच्या दिशेने जात असताना त्याला धुक्यात आणि बर्फात बुडालेली काही भूमी दिसली. त्याने तिला आपल्या आरमारखात्याच्या प्रमुखाचे, लॉर्ड सँडविचचे नाव दिले. चव्वेचाळीस वर्षांनी रशियन दर्यावर्दी बेलिंग्सहाउझेन तिथे पोचला. त्याने उत्तरेकडची तीन बेटे शोधली आणि त्या त्रयीला आपल्या आरमारमंत्र्याचे नाव देऊन टाकले. तिथे आजही माणूस वस्तीला नाही, पेंग्विन मात्र लाखांनी आहेत. माणूस जेवढा लांबचा भूभाग शोधतो, तेवढे नाव ठेवताना त्याला आपल्या साहेबाचे स्मरण अधिक होते, असे दिसते.

आता ज्याचे नाव, तो माणूस.

जेम्स औट्रम २९ जानेवारी १८०३ रोजी इंग्लंडमधल्या डर्बीशायरात जन्मला. बाप बेंजामिन औट्रम नामांकित इंजिनिअर होता. कालवे, लोखंडाचा कारखाना, घोड्यांनी ओढायच्या गाड्यांचे रूळमार्ग असा त्याचा पसारा होता. पण पोरगा दोन वर्षांचा असतानाच बाप गेला आणि घर एकदम ओढग्रस्तीत आले. आई मार्गारेट मुलांना घेऊन स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनला जाऊन राहिली. कर्त्या पुरुषामागे विधवा बाईने मुले कशी वाढवली असतील, हे आपल्याकडच्या वाचकाला वेगळे सांगायला नको. १८१९ साली कंपनीच्या मुंबई फौजेत कॅडेट म्हणून जागा मिळाली आणि सोळा वर्षांचा, अंगाने किरकोळ, सतत आजारी पडणारा जेम्स ऑगस्टमध्ये मुंबईला उतरला.

त्या वेळचा खान्देश कसा होता? १८१८ ला पेशवाई बुडाली आणि हा मुलूख कंपनीकडे आला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळ्याला ठाणे केले. पण खान्देश त्याआधीच मोडून पडला होता. होळकरांच्या फौजांची ये-जा, पेंढाऱ्यांच्या धाडी, दुष्काळ; गावेच्या गावे ओस पडली होती आणि शेतात झाडी माजली होती. सातपुडा, सातमाळा, डांग या डोंगरांतल्या भिल्लांचे परंपरेने चालत आलेले हक्क, म्हणजे गावाची राखण करण्याबद्दल मिळणारे धान्य आणि घाटावरची वसुली, त्या धुमश्चक्रीत बुडाले होते. पोट भरायला लूट हाच एक धंदा उरला. कंपनीने फौजा पाठवल्या, नाईकांना पकडले, काहींना मारले. डोंगर काही शांत होईना.

मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने १८२५ मध्ये वेगळी योजना आखली. मुलखाचे तीन भाग करून प्रत्येकावर भिल्ल एजंट नेमायचा. दक्षिणेकडे, सातमाळ्याच्या अंगाला, भिल्लांना जमिनी, बैल आणि बियाणे देऊन शेतीला लावायचे. आणि त्यांच्यातल्याच तरण्यांची एक पलटण उभारायची. आयुष्यभर कर्जाच्या फायली चाळलेल्या माझ्यासारख्याला यातली तगाईची बाजू जास्त मोलाची वाटते, पण इतिहासात नाव झाले ते पलटणीचे. ती उभारायचे काम बावीस वर्षांच्या लेफ्टनंट औट्रमकडे आले. त्याच वर्षी मालेगावच्या छावणीतून रातोरात चाल करून त्याने बागलाणातल्या मुल्हेरच्या डोंगरावर जमलेले बंड मोडले होते, ते वरिष्ठांच्या ध्यानात राहिले होते.

पलटणीचे ठाणे धरणगाव. सुरुवातीला भरतीला कोणी येईना. साहेब गोळा करून नेणार आणि मारणार, हीच समजूत, आणि आधीचा अनुभव पाहता ती चुकीची म्हणता यायची नाही. औट्रमने पहिला हात शस्त्रानेच घातला. भिल्लांच्या मुक्कामावर छापा घालून काहीजण धरले. मग त्यांच्याच मध्यस्थीने तो डोंगरात एकटा, सोबतीशिवाय जाऊ लागला. त्यांच्यात बसू लागला, त्यांच्या पाड्यात निजू लागला. आधी मूठभर, मग शेकड्यांनी माणसे आली. ज्यांना फौजा धुंडाळत होत्या, तेच आता खजिन्यावर पहारा देऊ लागले.

या विश्वासाचे दुसरे कारण शिकार. दहा वर्षांत जवळजवळ दोनशे वाघ त्याच्या समक्ष मारले गेले, असा हिशेब नोंदलेला आहे. आज तो आकडा वाचताना अंगावर काटा येतो. सातपुड्यात आता वाघाचा माग दिसला तरी बातमी होते. त्या काळी मात्र पायी वाघाला सामोरा जाणारा साहेब भिल्लांना आपल्यातला वाटला. किरकोळ अंगाचा पोरगाही या रानांत उन्हातान्हाने, तापाने आणि तंगडतोडीने लोखंडासारखा झाला.

पण ही पलटण कशासाठी होती, हेही पाहिले पाहिजे. १८३० मध्ये डांगच्या भिल्ल राजांवर चाल करून गेला तो औट्रमच, आणि त्याच्यासोबत गेले ते खान्देशचे भिल्ल. डोंगराला डोंगराकडूनच जिंकायचे, ही ती युक्ती. १८३५ ला तो गुजरातेत महीकांठ्याला गेला आणि खान्देश सुटला.

पुढची वीस वर्षे धावत्या घोड्यावर गेली. अफगाण युद्ध, कलात, मग सिंध. सिंधच्या अमिरांशी कंपनी अन्यायाने वागते आहे असे त्याचे स्पष्ट मत होते. त्यावरून ज्या चार्ल्स नेपियरने भर मेजवानीत त्याला निष्कलंक वीर म्हणून गौरवले होते, त्याच नेपियरशी त्याचे हाडवैर झाले. तरी १५ फेब्रुवारी १८४३ ला हैदराबादच्या रेसिडेन्सीवर हजारो बलुची चालून आले, तेव्हा मूठभर शिपायांनिशी तीच जागा लढवणारा औट्रम होता. लुटीतला तीन हजार पौंडांचा वाटा त्याने स्वतः न घेता दानधर्माला देऊन टाकला. मत एक, हुकूम दुसरा. हा पेच त्याला जन्मभर पुरला.

१८४४-४५ मध्ये सामानगड आणि सावंतवाडीचा मनोहरगड इथे गडकऱ्यांच्या बंडावर तो होता. साताऱ्याला काही काळ आणि पुढे बडोद्याला रेसिडेंट झाला. बडोद्याची हकिगत मजेदार आहे. मुंबईच्या साहेबांना पैसे चारले की कामे होतात, असा तिथे सर्वांचा पक्का समज होता आणि त्या व्यवहाराला लोक खटपट म्हणत. औट्रमने त्या खटपटीवर लांबलचक अहवाल लिहिला, आणि आपला हा शब्द जसाच्या तसा इंग्रजी सरकारी दप्तरात गेला. परिणाम काय, तर अहवाल लिहिणाऱ्याचीच उचलबांगडी. लंडनहून दाद मिळून १८५४ मध्ये तो बडोद्याला परत आला खरा. कोणत्याही कचेरीत नोकरी केलेल्या माणसाला हे प्रकरण जुने वाटणार नाही.

त्याच वर्षअखेर तो लखनौला गेला. सत्यजित राय यांचा शतरंज के खिलाडी (१९७७) ज्यांनी पाहिला, त्यांना रिचर्ड अ‍ॅटनबरोने उभा केलेला चिरूट ओढणारा, अस्वस्थ जनरल आठवत असेल. तोच हा औट्रम. १८५६ च्या फेब्रुवारीत वाजिद अली शाहकडून अवध काढून घेण्याचे काम त्याच्या हातून झाले. अमिरांच्या बाजूने भांडलेल्या माणसाने नवाबाचे राज्य खालसा केले. पुढल्याच वर्षी अवध पेटले.

इराणची मोहीम आटोपून तो १८५७ मध्ये परतला आणि लखनौच्या वेढ्यावर निघाला. हुद्द्याने तो वरचा, पण आधी लढत आलेल्या हॅवलॉकचा मान राखून त्याने सेनापतिपद त्याच्याकडेच ठेवले आणि स्वतः साधा स्वयंसेवक म्हणून त्याच्याबरोबर गेला. २५ सप्टेंबरला ते आत शिरले. अलाहाबादेत फाशांचा कहर केलेला नील त्याच दिवशी पडला. हॅवलॉक नोव्हेंबरात आमांशाने गेला, म्हणजे अंदमानात कैदी उतरायच्या आधीच. औट्रमने पुढे आलमबाग लढवून ठेवली. लखनौ पडल्यावर गव्हर्नर जनरलने अवधच्या तालुकदारांच्या जमिनी जप्त करण्याचा जाहीरनामा काढला, तेव्हा तो सौम्य करा म्हणून भांडणाराही औट्रमच होता. १८६० ला तो हिंदुस्थान सोडून गेला. ११ मार्च १८६३ रोजी फ्रान्समधल्या पो गावी वारला आणि लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेत पुरला गेला. आपल्या नावाच्या बेटावर तो कधी गेल्याचे त्याच्या चरित्रात दिसत नाही.

इकडे सातपुड्यात काय झाले? भिल्ल पलटण कंपनीच्या बाजूने राहिली. पण कंपनीच्याच नोकरीत सेंधव्याचा घाट राखलेला खाज्या नाईक उठावात उतरला आणि त्याच्याबरोबर बडवाणीकडचा भीमा नाईक. ११ एप्रिल १८५८ रोजी अंबापाणीला मोठी लढाई झाली आणि पुष्कळ भिल्ल मारले गेले. भीमा नाईक निसटला. पुढे अनेक वर्षे तो डोंगरात होता. १८६७ मध्ये सापडला, जन्मठेप झाली आणि काळ्या पाण्यावर गेला. १८७६ साली तो अंदमानातच मेला. ज्या सातपुड्यात औट्रमने वाघ मारले, त्याच सातपुड्याचा हा माणूस. समुद्र त्याने आधी पाहिलाही नसेल.

३० डिसेंबर २०१८ रोजी हॅवलॉकचे स्वराज द्वीप झाले आणि नीलचे शहीद द्वीप. नेताजींनी १९४३ साली अंदमान-निकोबारसाठी सुचवलेली ही नावे. २०२३ च्या जानेवारीत एकवीस निनावी बेटांना परमवीरचक्र विजेत्यांची नावे मिळाली, त्यात मेजर रामा राघोबा राणेही आले. २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचे श्री विजयपुरम झाले. या धांदलीत औट्रम बेट तसेच राहिले. तिथे ना वस्ती, ना हॉटेल, ना मतदार. दोन्ही लॉरेन्स बेटांसह ते १९९६ पासून एका सागरी राष्ट्रीय उद्यानात मोडते, आणि त्या उद्यानाचे नाव आहे राणी झांसी.